तिला माहेरी करमत नाही म्हणे

दादा, पत्र वाचलं. गाडीवरून पडलात, मणक्याला मार बसला, आता काठी घेऊन चालता अन मोबाईल रिपेरिंगचं दुकान परत उघडलं, लई भारी केलंत. लघवी आपोआप होत नाही म्हणून दिवसातून पाचदा बायको नळी घालते, अन हल्ली ती चिडचिड करते तर तिला कसं समजवायचं, हा तुमचा प्रश्न. पण मधेच एक ओळ टाकलीय तुम्ही, "पंचमीला भाऊ न्यायला येतो पण ही जातच नाही, तिला माहेरी करमत नाही."

करमत नाही? अहो, दर चार-पाच तासाला नळी घालायला घरात दुसरं आहे कोण? भाऊ दारातून हात हलवत परत जातो अन तुम्ही म्हणता करमत नाही!

स्वतः नळी घालायला तुमचे हात थरथरतात म्हणे. मोबाईलचे मोहरीएवढे स्क्रू काढताना बरे थरथरत नाहीत.

नळी घालायला निर्जंतुक खोली-बिली लागत नाही. जॅक लॅपिडेस नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं 1972 सालीच (आपल्याकडं तो दुष्काळ चालू होता तेव्हा) सांगितलं, की हात स्वच्छ असले अन मूत्राशय वेळच्या वेळी पूर्ण रिकामं झालं की भागतं, रुग्ण स्वतःच करू शकतो. साबणानं हात धुवायचे, नळीला जेली लावायची, लिंग वर उचलून धरायचं अन नळी सावकाश आत सरकवायची, आत अडल्यासारखं झालं तर लांब श्वास घेऊन थांबायचं, जोर लावायचा नाही, लघवी सुरू झाली की अजून थोडी आत, अन धार थांबली की हळूच बाहेर. एका वेळी 400-500 मिलीच्या वर साठू द्यायचं नाही, म्हणून वेळ चुकवू नका, अन त्यासाठी पाणी कमी पिणं तर आपल्या उन्हात अजिबात नको. थंडी वाजून ताप आला, जास्त रक्त आलं किंवा नळी जातच नसली तर सरळ दवाखाना.

ह्याच आठवड्यात युरॉलॉजीच्या (मूत्रविकारांच्या) ओपीडीत जा अन नर्सला म्हणा मला शिकवा, माझ्या हातानं करून घ्या. बायकोला बाहेर बाकड्यावर बसू द्या. मग घरी स्वतःच करायचं, ती मदतीला आली तरी नको म्हणायचं.

अन पंचमीच्या आधी मेव्हण्याला फोन तुम्हीच लावा, ये म्हणावं न्यायला, आठ दिवस ठेवून घे.