बोगोटा शहरात फिरण्यासाठी एकच दिवस मिळणार असेल, तर तो कसा घालवावा?

आपण विचारले आहे की, कामानिमित्त कोलंबियाला जाणे होणार असून राजधानीत एकच दिवस मोकळा मिळेल, शिवाय आपण शाकाहारी आहात, तेव्हा काय पाहावे आणि काय सोडावे. माझे उत्तर असे की, तारीख निवडणे आपल्या हाती असेल तर रविवार निवडावा आणि संपूर्ण दिवस जुन्या शहरात पायी घालवावा.

बोगोटा समुद्रसपाटीपासून सुमारे २,६४० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ एक हजार मीटर उंच. आदल्या रात्री विमानातून उतरलेल्या माणसाला चार पायऱ्या चढतानाही धाप लागते, म्हणून सकाळीच मोन्सेराते डोंगर गाठण्याचा प्रवासी पुस्तिकांचा सल्ला मला पटत नाही. हवा बाराही महिने गार आणि लहरी असते. सकाळच्या उन्हाला भुलून छत्री खोलीवर ठेवू नये.

रविवारी आणि सणासुदीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत शहरातील शंभराहून अधिक किलोमीटर लांबीचे रस्ते मोटारींना बंद ठेवून सायकली, धावणारे आणि बाबागाड्या यांच्यासाठी मोकळे केले जातात. ‘सिक्लोव्हिया’ नावाची ही प्रथा १९७४ साली सुरू झाली. ‘सेप्तिमा’ या मुख्य रस्त्याने दक्षिणेकडे चालत निघावे. वाटेत सायकलींची पंक्चर काढणारे, फळे कापून विकणारे आणि कुत्र्यांना फिरवायला निघालेली कुटुंबे भेटतात. पुढे हा रस्ता कायमचाच पादचाऱ्यांचा होतो आणि तेथे खरी गंमत सुरू होते. एका ठिकाणी जमिनीवर क्रमांक घातलेली प्लॅस्टिकची भांडी पालथी मांडलेली असतात, प्रत्येकाला दारासारखी खाच असते. लोक भांड्यांवर नाणी ठेवतात, मालक गिनीपिगला सोडतो आणि तो ज्या भांड्यात शिरेल त्यावर पैसे लावणारा जिंकतो. तो प्राणी मध्येच थांबून विचारात पडला की भोवतालची गर्दी श्वास रोखून धरते. अशा गर्दीत आपला मोबाइल मात्र आतल्या खिशात असावा.

सुवर्ण संग्रहालयाला, म्हणजे ‘मुसेओ देल ओरो’ला, सर्वांत जास्त वेळ द्यावा. ते सोमवारी बंद असते. रविवारी प्रवेश विनामूल्य असल्याने गर्दी होते, म्हणून दार उघडताच आत शिरावे. मध्यवर्ती बँकेने १९३९ साली सुरू केलेल्या या संग्रहात स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच्या समाजांनी घडविलेल्या हजारो सुवर्णवस्तू आहेत. त्यांतील मुइस्का या तेथील मूळ समाजाने घडविलेला सोन्याचा तराफा १९६९ साली पास्का गावाजवळच्या एका गुहेत सापडला. तो जेमतेम वीस सेंटिमीटर लांब आहे, पण मध्यभागी उभा मुख्य पुरुष आणि भोवतालची लहान माणसे सोन्याच्या तारांनी रेखल्यासारखी दिसतात. मेणाची प्रतिकृती वितळवून धातू ओतण्याची ही पद्धत आपल्याकडील डोकरा कारागिरांचीच आहे. अंगाला सोन्याची भुकटी फासून सरोवरात सोने अर्पण करणाऱ्या राजाची कथा, जिच्या मागे लागून युरोपीय लोक शतकानुशतके भटकले, ती या तराफ्यापाशी उभे राहून ऐकावी.

बोलिव्हार चौकात फार रेंगाळण्याचे कारण नाही. मात्र उत्तरेकडील न्यायमंदिराची इमारत नवी का दिसते, हे ठाऊक असावे. नोव्हेंबर १९८५ मध्ये एम-१९ या बंडखोर गटाने जुनी इमारत ताब्यात घेतली आणि सैन्याने ती परत मिळविताना न्यायाधीशांसह सुमारे शंभर माणसे मृत्युमुखी पडली. तेथून जवळच असलेले, चित्रकार बोतेरो यांच्या नावाचे संग्रहालय विनामूल्य आहे. फुगीर मोनालिसा पाहून हसू येतेच. पण त्या चित्रकाराने स्वतःच्या संग्रहातून दिलेली पिकासो आणि मोने यांची चित्रेही तेथेच आहेत, ती चुकवू नयेत.

जेवणाचे म्हणाल तर ‘आखिआको’ हे येथील प्रसिद्ध बटाट्याचे दाट सूप कोंबडीच्या रस्स्यात शिजते, त्यामुळे ‘कोंबडी काढून द्या’ म्हणून काम भागत नाही. कॅथेड्रलजवळच्या ‘ला पुएर्ता फाल्सा’ या १८१६ सालापासूनच्या छोट्या खाणावळीत गरम चॉकलेट, पाव आणि चीज मिळते. चीजचे तुकडे चॉकलेटमध्ये बुडवून, मऊ झाल्यावर चमच्याने काढून खातात. ऐकायला विचित्र, पण गार हवेत उत्तम लागते. चीज घातलेला आरेपा, म्हणजे मक्याची जाडसर भाकरी, आणि लक्ष्मणफळाचा रसही निःशंक घ्यावा.

दुपार कलल्यावर अंगात त्राण असेल तरच मोन्सेरातेला जावे. ३,१५२ मीटर उंचीच्या या डोंगरावर रोपवे किंवा रुळांवरील फ्युनिक्युलरने जाता येते. रविवारी भाविकांची रांग लांब असते आणि शेवटची फेरी लवकर सुटते, म्हणून वेळा आधी पाहून ठेवाव्यात. विषुववृत्त जवळ असल्याने सहाच्या सुमारास झपाट्याने अंधारते. खाली उतरल्यावर स्थानकाच्या दारातूनच टॅक्सी घ्यावी, कारण तेथून जुन्या वस्तीकडे जाणारा रस्ता रात्री पायी चालण्याजोगा नाही.