तोच मजकूर २० कोटी वेळा कशाला?

प्रश्न : पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आमचे २० कोटी ओळींचे लॉग (घडामोडींच्या नोंदींचे) टेबल आहे. आयडी, वेळ, 'प्रलंबित'सारखी स्थिती आणि ब्राउझरची ओळख सांगणारा लांबलचक मजकूर असे चार कॉलम. शेवटच्या दोन्हींत तीच तीच मूल्ये येतात. पोस्टग्रेस ती आपोआप दाबून ठेवत नाही का?

उत्तर : नाही. पोस्टग्रेसचे टोस्ट, म्हणजे मोठी मूल्ये दाबून ठेवणारी सोय, ओळ साधारण २ केबीच्या वर गेली तरच कामाला लागते, आणि तेव्हाही एकेका मूल्यापुरतेच. शेजारच्या ओळीत हाच मजकूर आहे, हे ते पाहत नाही. म्हणून मजकूर मास्टर टेबलमध्ये (मूल्ये आणि त्यांचे कोड यांच्या वेगळ्या टेबलात) एकदाच ठेवायचा आणि लॉगमध्ये फक्त त्याचा कोड लिहायचा, हे काम आपल्यालाच करावे लागते.

आधी हिशेब मांडा. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'प्रलंबित'मध्ये हलन्त, अनुस्वार, वेलांटी धरून ८ चिन्हे, म्हणजे २४ बाइट. लांबीच्या नोंदीचा १ धरून २५. ब्राउझरचा मजकूर सरासरी ११० बाइटचा असेल तर नोंदीसह १११. आयडी ८, वेळ ८, ओळीचा हेडर (ओळीबद्दलची अंतर्गत माहिती) २४ आणि ओळ कुठे आहे ते सांगणारा डिस्कच्या पानावरचा पॉइंटर ४. एकूण १८० बाइट, म्हणजे २० कोटी ओळींना ३६ जीबी. स्थितीला २ बाइटचा स्मॉलइंट आणि ब्राउझरला ४ बाइटचा इंटिजर (दोन्ही पूर्णांकांचे प्रकार) लावला की, ओळ ८ च्या पटीत बसवण्याचे २ बाइट धरून, ती ५२ बाइटवर येते आणि टेबल १०.४ जीबीवर. त्या ५२ पैकी २८ बाइट हेडर आणि पॉइंटरचेच आहेत. मजकुराला आणखी कितीही कात्री लावली तरी ते तसेच राहणार.

कॉलमचा क्रम मात्र सांभाळा. ८ बाइटचे कॉलम आधी, मग ४ चे, मग २ चे, आणि मजकूर असलाच तर शेवटी. स्मॉलइंट, आयडी, इंटिजर, वेळ असा क्रम लावला तर ८ बाइटची मूल्ये ८ च्या पटीत बसवण्यासाठी मध्ये ६ आणि ४ बाइट रिकामे सोडले जातात. ओळ ५२ ऐवजी ६० ची होते आणि १.६ जीबी नुसती हवा साठते.

मास्टर भरण्याआधी मूल्ये साफ करून घ्या. मूल्याच्या शेवटी चुकून राहिलेली रिकामी जागा तर नेहमीचीच. देवनागरीत त्याहून फसवे प्रकार आहेत. 'अधिकाऱ्याकडे'मधला 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे, डेटाबेसला दोन वेगळी मूल्ये. युनिकोडचे नॉर्मलायझेशनही हा फरक मिटवत नाही. एका रूपाच्या जागी दुसरे घालणारे रिप्लेस लिहूनच तो काढावा लागतो.

प्रश्न : कोडचा कॉलम जोडला, सगळ्या ओळी अपडेट केल्या, जुना कॉलम ड्रॉप केला. तरी टेबल लहान होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाले. कुठे चुकले?

उत्तर : पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे ओळीची नवी प्रत. जुन्या प्रती डिस्कवर तशाच राहतात. कॉलम ड्रॉप केल्याने तो फक्त दिसेनासा होतो, आधी लिहिलेले बाइट जागेवरच असतात. व्हॅक्यूम ही जुन्या प्रती साफ करणारी आज्ञा. साध्या व्हॅक्यूमने मोकळी झालेली जागा बहुतेक करून त्याच टेबलाला पुन्हा वापरायला मिळते, ऑपरेटिंग सिस्टीमला परत जात नाही. व्हॅक्यूम फुल ती परत देतो, पण तो चालू असेपर्यंत टेबल वाचतासुद्धा येत नाही आणि नव्या प्रतीपुरती डिस्क मोकळी लागते.

ज्यात फक्त नव्या ओळी येतात अशा लॉगसाठी नवे टेबल बनवणेच बरे. योग्य क्रमाचे कॉलम, सुरुवातीला एकही इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नाही. आयडीच्या टप्प्यांनी जुन्यातून ओळी आणा, मग इंडेक्स बांधा. शेवटी जुन्या टेबलावर लॉक घेऊन उरलेल्या ओळी आणा आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये नावे बदला. मास्टरशी जोडताना लेफ्ट जॉइनच वापरा, म्हणजे जोडी न सापडलेल्या ओळीही राहतात. साध्या जॉइनने नल (मूल्यच नाही) असलेल्या ओळी गुपचूप गळतात. दोन्हीकडच्या ओळींची संख्या जुळल्याशिवाय जुने टेबल काढू नका. जुने कॉलम दाखवणारा व्ह्यू (साठवलेली क्वेरी, जी टेबलासारखी वाचता येते) ठेवला तर वाचणारा प्रोग्राम लगेच बदलावा लागत नाही.

प्रश्न : स्थितीच्या मास्टरमध्ये जेमतेम ४० ओळी आहेत. तरी सीक्वेन्स (कोडचे आकडे ओळीने देणारा मोजक) कमाल मर्यादेला पोहोचल्याची एरर येते.

उत्तर : मास्टरमध्ये प्रत्येक वेळी 'इन्सर्ट, ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (घाला, आधीपासून असेल तर काही करू नका) चालवत असाल. त्यात सीक्वेन्समधून पुढचा आकडा आधी उचलला जातो आणि मूल्य आधीपासून आहे का, ते नंतर तपासले जाते. ओळ घातली गेली नाही तरी आकडा वाया गेलाच. स्मॉलइंटची मर्यादा ३२,७६७. वर्दळीच्या लॉगमध्ये ती केव्हाच संपते. आधी सिलेक्ट करा, मूल्य सापडले नाही तरच इन्सर्ट करा. ४० मूल्ये तर प्रोग्रामच्या मेमरीतच ठेवावीत. आणखी एक गोष्ट: मूल्य आधीपासून असेल तर डू नथिंगसोबतचे रिटर्निंग (घातलेली ओळ परत देणारा भाग) काहीच परत देत नाही, त्यामुळे कोड रिकामा येतो.

ब्राउझरच्या मास्टरवर युनिक इंडेक्स (एक मूल्य दोनदा येऊ न देणारा) थेट मजकुरावर नको. बी-ट्री या नेहमीच्या इंडेक्सची एक नोंद सुमारे २,७०० बाइटच्या पुढे गेली की इन्सर्ट फेल होतो, आणि बाहेरून येणाऱ्या मजकुराची लांबी आपल्या हातात नसते. मजकुराच्या एमडी५ वर, म्हणजे त्यातून काढलेल्या ठरावीक लांबीच्या ठशावर, इंडेक्स बांधा.

प्रश्न : मास्टरऐवजी एनम (ठरावीक मूल्यांची यादी असलेला कॉलमचा प्रकार) चालेल का?

उत्तर : मूल्ये थोडी आणि कायमची असतील तर चालेल. पोस्टग्रेसमध्ये एनम ४ बाइट घेतो, नवे मूल्य जोडता येते, पण जोडलेले काढून टाकण्याची सोय नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये २५५ मूल्यांपर्यंत १ बाइटच लागतो.

प्रश्न : कोड लावल्यापासून 'प्रलंबित' ओळी शोधणारी क्वेरी मंदावली आहे.

उत्तर : पूर्वी प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) 'प्रलंबित' किती ओळींत आहे याचा अंदाज आकडेवारीतून मिळत होता. आता तुम्ही मास्टरमधल्या नावावर अट घालून जॉइन करता. त्या नावाचा कोड कोणता, हे प्लॅन ठरवताना त्याला माहीत नसते, म्हणून तो सरासरी धरतो. एका स्थितीत लाखात दोन ओळी आणि दुसरीत निम्मे टेबल असेल, तर ती सरासरी पार चुकते. आधी कोड वेगळा काढा आणि क्वेरीत थेट आकडा द्या. नवे टेबल भरल्यावर ही आकडेवारी गोळा करणारे अ‍ॅनलाइझ चालवायचे राहिले असेल, तर आधी तेच करा.