स्मार्ट स्पीकरवर लॉसलेस: फरक कुठे पडतो?

प्रश्न : घरी तळहातावर मावेल एवढा स्मार्ट स्पीकर आहे. फोनवरून ब्लूटूथने अभंग ऐकतो. अ‍ॅपमध्ये ‘लॉसलेस’ (आवाजातलं काहीही न गाळणारा दर्जा) सुरू केलं, तरी आवाज तसाच. काय चुकतंय? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ब्लूटूथ आहे तोवर लॉसलेस त्या स्पीकरपर्यंत पोचतच नाही. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट माहिती. फ्लॅक या लॉसलेस फाइलप्रकारात तो बहुधा ७०० ते १००० वर येतो आणि त्यातलं काहीही गळत नाही. ब्लूटूथच्या नेहमीच्या एसबीसी पद्धतीतून मात्र फार तर ३२८ किलोबिट जातात, म्हणून फोन गाणं उलगडून पुन्हा दाबतो, म्हणजे काही आवाज गाळून लहान करतो, आणि मग पाठवतो.

त्याऐवजी फोन आणि स्पीकर एकाच वायफायवर घ्या, अ‍ॅपमधलं कास्टचं चिन्ह दाबून स्पीकर निवडा. मग स्पीकर स्वतःच नेटवरून गाणं ओढतो, फोन नुसता रिमोट उरतो. अ‍ॅप आणि स्पीकर दोघांनाही लॉसलेस चालत असेल तरच ते मिळेल.

एवढं करूनही ३२० किलोबिटची एमपी-थ्री (तीही अशीच दाबलेली फाइल) आणि लॉसलेस यांतला फरक अशा स्पीकरवर ओळखणं फार अवघड. त्याचा पडदा जेमतेम ४०-४५ मिलिमीटरचा. पखवाजाचा खोल घुमार फाइलमध्ये पूर्ण असला तरी तेवढी हवा तो हलवू शकत नाही. खात्री हवी तर एका सीडीवरून फ्लॅक आणि त्याच फ्लॅकवरून ३२० ची एमपी-थ्री बनवा. आवाजाची पातळी सारखी ठेवून घरच्या कुणालातरी नाणं उडवून, कुठली ते तुम्हाला न सांगता, दोहोंपैकी एक फाइल असं १० वेळा लावायला सांगा. ९ वेळा बरोबर ओळखलंत तर फरक खरा. नुसत्या अंदाजाने तसं शंभरात एखाद्या वेळीच जमतं.

९६ किंवा १२८ ची एमपी-थ्री मात्र टाळांवर लगेच उघडी पडते. दाबताना आवाजाचे छोटे तुकडे पाडतात आणि चूक अख्ख्या तुकड्यात पसरते, अगदी आघाताच्या आधीही. त्यामुळे टाळाचा खणखणीत ठोका भुरभुरीत होतो. नेट मंदावलं की अ‍ॅपमधलं ‘ऑटोमॅटिक’ सेटिंग असाच खालचा दर्जा लावतं, म्हणून अ‍ॅपमध्ये सर्वांत वरचा दर्जा पक्का करून टाका.

आमच्या मते खरी मेहनत खोलीवर घ्यावी. स्पीकर कोनाड्यातून बाहेर काढा, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. कोनाड्यात खर्ज फुगतो आणि शब्द बुजतात. शहाबादी फरशी आणि सिमेंटच्या भिंती आवाज परतवतात. समोरच्या भिंतीवर सोलापुरी चादर दुहेरी करून, मागे ४-५ सेंटिमीटर पोकळी सोडून टांगा. कर्कशपणा उतरेल, खर्जाचा घुमारा मात्र चादरीने कमी होत नाही. उन्हाळ्यात पंखा पाचवर असेल तर गाण्यातले बारकावे त्या घरघरीखालीच जातात, मग फाइल कुठलीही असो.

प्रश्न : जुन्या एमपी-थ्री फ्लॅकमध्ये बदलल्या तर सुधारतील का? — एक वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : नाही. गेलेला आवाज परत येत नाही, फाइल फक्त कित्येक पट फुगते. मूळ सीडी असेल तर तिच्यावरूनच नव्याने फ्लॅक काढा.