वहीत खरं लिही

प्रिय बाळ,

तुझी सरावाची वही काल रात्री चाळली. सोमवारपासून रोज एकच ओळ : 'झोप आठ तास, दुखणं काही नाही.' आणि परवा अडथळ्यांच्या शर्यतीच्या सरावात पाण्यावरच्या सहाव्या उडीनंतर कडेला बसून डावी नडगी चोळताना मी तुला पाहिलंय. समोर विचारलं असतं, तर "काही नाही मॅडम" म्हणून मोकळी झाली असतीस. म्हणून हे पत्र.

जिल्ह्याला चौथी आलीस त्या दिवशी विचारलंस, "मी खेळाडू आहे का?" तेव्हा उत्तर दिलं नाही, आज देते. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची. आधी खो-खो, मग मॅरेथॉन, मग आपली अडथळ्यांची शर्यत, स्टीपलचेस. २०१६ ला रिओच्या प्राथमिक फेरीत तिने ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. अंतिम फेरीत ती दहावी आली. आता नंबरावरून ठरवायचं म्हटलं, तर तिला काय म्हणशील? तेव्हा तुझ्या चौथ्या नंबराची मला काळजी नाही. काळजी वहीची आहे. आपल्या शरीराचा खरा हिशेब जी देते, तिला मी खेळाडू म्हणते.

तुझ्या वयाची असताना मीही नडगी लपवली होती. राज्य स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली. सरांना कळलं तर नाव कापतील, ही धास्ती. बाम चोळून, पट्टी आवळून पळत राहिले. शेवटी हाडाला चीर गेली. स्पर्धा तर गेलीच, पुढचं अख्खं वर्षही गेलं. सर रागावले नाहीत. "मला आधी का नाही सांगितलंस?" एवढंच म्हणाले. ते अजून लागतं मला.

आपल्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या. पाण्यात तू डाव्या पायावर उतरतेस, आणि परवा शेवटच्या दोन उड्यांना तो पाय टेकतोय न टेकतोय तोच उचलत होतीस. आज रात्री पाय लांब करून बस. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा हळूहळू खाली आण. वीतभर भागात ठणकत असेल, तर बहुधा सराव जास्त झालाय, तो मी कमी करीन. पण रुपयाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ आली, तर पळणं बंद आणि आधी डॉक्टर.

आणखी एक. पाळी चुकत असेल तर तेही लिही, लाजू नकोस. "बरंच झालं, स्पर्धेच्या दिवसांत कटकट नको," असं मुली म्हणतात, आणि मला धडकी भरते. पळण्याच्या मानाने खाणं कमी पडलं, की पाळी थांबते आणि हाडं कमकुवत होऊ लागतात. डब्यात दोन भाकरी आणून एक मैत्रिणीला देतेस, तेही मी बघते.

खरं लिहिलंस म्हणून तुझं नाव मी कधीच कापणार नाही, हा माझा शब्द.

उद्या साडेपाचला ये, पण स्पाइक्सचे बूट आणू नकोस. या आठवड्याची पानं फाडू नकोस. प्रत्येक ओळीखाली त्या दिवशी खरं काय झालं ते लिही आणि वही घेऊन ये.

तुझी,
मॅडम