आदेश वाच

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. इराकवरचं युद्ध तेलासाठीच झालं, असं तू वादात ठासून सांगितलंस. समोरच्याने विचारलं, मग २००९ च्या लिलावात इराकमधलं रुमैलासारखं अवाढव्य तेलक्षेत्र अमेरिकी कंपनीला न जाता ब्रिटिश बीपी आणि चीनच्या सीएनपीसी या तेलकंपन्यांना कसं गेलं, तेही पिंपामागे फक्त दोन डॉलर मोबदल्यावर? तू गप्प झालास. आता मला विचारतोस, कंपन्यांच्या स्वार्थाची गोष्टच खोटी का? अरे, एका प्रश्नात एवढं ढासळायचं?

आदेश वाच. युद्धानंतर ताब्यातल्या इराकचा कारभार बघणारे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी १९ सप्टेंबर २००३ ला काढलेला आदेश क्रमांक ३९. त्यात तेल वगळलंय! नैसर्गिक साधनसंपत्ती, बँका, विमा सोडून बहुतेक धंद्यांत परकीयांना शंभर टक्के मालकी, सगळा नफा बाहेर नेण्याची मुभा, जमीन ४० वर्षांच्या भाडेपट्ट्याने. शेजारी युद्धाबाबतच्या १९०७ च्या आंतरराष्ट्रीय हेग नियमांचं कलम ४३ ठेव: ताबा घेणाऱ्याने, अगदीच अशक्य नसेल तर, तिथले कायदे पाळायचे. तू तेलाकडे बघत बसलास आणि अख्खी बाजारपेठ नजरेतून सुटली.

माझीही सुटली होती. २००३ साली मी सभांमधून तेल, तेल म्हणत घसा कोरडा केला. एका मुलीने विचारलं, कोणत्या कागदावर लिहिलंय? माझ्याकडे कागद नव्हता. ती परत आली नाही. ते अजून सलतं.

तेव्हापासून मी हट्टी झालो. माणसं मरतात आणि हा कलमं मोजतो, असं जवळचे लोकही म्हणाले. हो, मोजतो. इराकी सरकारकडे सत्ता सोपवण्याच्या आदल्या दिवशी, २७ जून २००४ ला, ब्रेमर यांनी सुधारित आदेश १७ वर सही केली. कंत्राटदारांनी कंत्राटाचं काम करताना केलेल्या कृत्यांवर इराकी कायदा चालणार नाही. सप्टेंबर २००७ मध्ये बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकेच्या कंत्राटदार खासगी सुरक्षा कंपनीच्या पहारेकऱ्यांनी १७ नागरिक मारले, आणि इराकी न्यायालयांचे हात बांधलेले होते. कलम आणि प्रेतं वेगळी कशी करायची, सांग ना.

एक मात्र सांभाळ. ज्याला फायदा झाला त्यानेच युद्ध ठरवलं, असं या कागदांवरून सिद्ध होत नाही. युद्धावेळचे अमेरिकी उपाध्यक्ष डिक चेनी २००० पर्यंत हॅलिबर्टन या तेलसेवा कंपनीचे प्रमुख होते, आणि तिच्याच उपकंपनीला २००३ मध्ये निविदा न मागवता इराकच्या तेलविहिरींचं काम मिळालं. इथवर ठामपणे बोल. पुढचं बोलायला आणखी कागद लागतील.

आदेश १७ चं कलम ४ वाचून झालं की लिही. त्याआधी नको.

तुझा,
काका