सेल्फीतलं नाक खरं की आरशातलं?

यावेळी दिसण्याबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत. नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न: ताई, मी १९ वर्षांची आहे. आरशात मी बरी दिसते पण सेल्फीत नाक एकदम फताडं येतं. फिल्टर लावला की मस्त दिसतं, त्यामुळे आता फिल्टरशिवाय फोटो टाकायची हिंमतच होत नाही. नाकाच्या सर्जरीसाठी पैसे साठवतेय, आई म्हणते तुला वेड लागलंय. खरं नाक कुठलं धरायचं?

उत्तर: अगं, सेल्फीतलं तर नक्कीच नाही. सेल्फी काढताना फोन तोंडापासून जेमतेम फूट-दीड फुटावर असतो, त्यात नाक कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ आणि कान मागे, मग जे जवळ ते मोठं दिसणारच ना. २०१८ मध्ये प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरांनीच याचं गणित मांडलं, कारण पेशंट सेल्फी दाखवून नाक बारीक करा म्हणत येत होते. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक चेहऱ्याच्या मानाने सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं, ५ फुटांवरून काढलेल्या फोटोत हा फरक जवळपास नाहीसा होतो. म्हणजे तू ज्या नाकासाठी पैसे साठवतेयस ते तुझ्या चेहऱ्यावर नाहीच, फक्त फोनमध्ये आहे.

आता आरसा. त्यात डावं-उजवं उलटं दिसतं आणि जन्मभर तोच चेहरा बघून डोळ्यांना त्याची सवय झालेली असते. १९७७ च्या एका प्रयोगात मुलींना त्यांचे स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशासारखा उलटा, तर बऱ्याच जणींना उलटा आवडला आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ. फोटोतला चेहरा विचित्र वाटतो यात तेवढाच अर्थ आहे, तो आपल्या सवयीचा नसतो. आणि फिल्टर तर सगळ्यांना एकच चेहरा देतो, नाक बारीक, डोळे मोठे, कातडी गुळगुळीत. असा चेहरा कुणाचाच नसतो, ज्यांचे फोटो बघून तू झुरतेस त्यांचाही नसतो. नॉर्वेमध्ये २०२२ पासून जाहिरातीत अंग किंवा चेहरा एडिट केला असेल तर तसं लेबल लावणं कायद्याने बंधनकारक आहे. लेबल वाचून मनाला किती फरक पडतो याबद्दल मला शंकाच आहे, पण निदान खोटं आहे हे कबूल तरी करतात.

सर्जरीला माझा सरसकट विरोध नाही, अंग तुझं, पैसे तुझे. फक्त त्याआधी दोन-तीन महिने फ्रंट कॅमेरा आरसा म्हणून वापरणं बंद कर, मैत्रिणीला पाच-सहा फुटांवरून साधे फोटो काढायला सांग आणि मग ठरव. आणि एक प्रश्न स्वतःला अगदी खरं खरं विचार, नाकाचा विचार दिवसाला तासभर किंवा जास्त चालतो का? सारखं तपासणं, हाताने झाकणं, नाकापायी घराबाहेर पडणं टाळणं, असं होतंय का? होत असेल तर तो बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर असू शकतो, म्हणजे दिसण्यातल्या खोटीचा ध्यास घेणारा मानसिक आजार. हे आजकालचं फॅड नाही, १८९१ मध्येच मोर्सेली नावाच्या इटालियन डॉक्टरने याचं वर्णन करून ठेवलंय, आणि साधारण शंभरात दोघांना तो असतो. यात सर्जरीने सहसा समाधान होत नाही, नाक झालं की हनुवटी खुपायला लागते. त्यावर सीबीटी नावाची, विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी आणि काही औषधं चांगली चालतात, म्हणून आधी सायकॉलॉजिस्ट किंवा सायकिअॅट्रिस्टला भेट, सर्जन कुठे पळून जात नाही.

प्रश्न: माझी मुलगी १२ वर्षांची आहे. ताटात अर्धं टाकते, दिवसातून तीन-चारदा वजनकाट्यावर चढते. फोनवरच्या कॅल्क्युलेटरने तिला 'ओव्हरवेट' सांगितलंय. मी स्वतः कायम कुठल्या ना कुठल्या डाएटवर असते, त्यामुळे तिला काय तोंडाने सांगू?

उत्तर: आधी काटा घरातून हलवा, आजच. मग ते कॅल्क्युलेटर. ते बीएमआय काढतं, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा. बीएमआयचं सूत्र केटले नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात काढलं, तेही अख्ख्या लोकसंख्येची सरासरी बघायला, एकेका माणसाला पास-नापास करायला नाही. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये पडलं. त्यात हाड किती, स्नायू किती, चरबी किती काही कळत नाही. आणि मोठ्यांचे आकडे मुलांना लागूच होत नाहीत, मुलांसाठी वय आणि मुलगा-मुलगी बघून वेगळे तक्ते असतात. वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी वाढते, वाढायलाच हवी, शरीर पाळीची तयारी करत असतं. कॅल्क्युलेटरला यातलं काय कळणार?

तिच्या डोक्यात हे आलं कुठून असं वाटत असेल तर फिजी बेटांवरचा एक अभ्यास सांगते. तिथे भरल्या अंगाची बाई चांगली मानायची रीत होती. नादरोगा नावाच्या भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींना खाण्यापिण्याबद्दल तीच प्रश्नावली दिली, तर खाण्याच्या आजाराच्या धोक्याच्या रेषेपुढे गेलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. आणि बारीक व्हायला मुद्दाम उलट्या काढणाऱ्या मुली, ज्या आधी एकही नव्हत्या, त्या ११ टक्क्यांच्या वर. तीन वर्षांत, आणि तेव्हा आला होता तो नुसता टीव्ही. तुमच्या मुलीच्या हातात फोन आहे.

पण तुमच्या हातात आहे ते घरातलं बोलणं. आरशासमोर उभं राहून "बाई, किती सुटलेय मी" म्हणणं बंद, कुणी बारीक झालं की "वा, काय मस्त दिसतेस" हे पण बंद, ते कौतुकच मुलींना उपाशी ठेवतं. तुम्ही स्वतःवर प्रेमबिम करायला लागा असं मी सांगणार नाही, मला तो सल्ला फार जड वाटतो. नुसतं गप्प बसलात तरी खूप आहे. एकत्र जेवा आणि ताटात कुणी किती घेतलं यावर कुणीच बोलू नका, आजी-आत्या धरून.

मात्र चक्कर येते, सारखी थंडी वाजते, जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जाते, सुरू झालेली पाळी थांबली, किंवा वाढीच्या वयात वजन उतरतंय, यातलं एक जरी दिसलं तरी डॉक्टरकडे न्या. हाडकुळी दिसत नाही म्हणून थांबू नका, खाण्याचे हे आजार साध्या वजनाच्या मुलींनाही होतात, आणि अॅनोरेक्सिया, म्हणजे वजनाच्या भीतीने उपाशी राहण्याचा आजार, तर मानसिक आजारांतल्या सगळ्यात जीवघेण्या आजारांपैकी आहे.

प्रश्न: वय १७, मुलगा. सगळे काडी पैलवान म्हणतात. जिममधला एक दादा इंजेक्शन देतो म्हणतोय, तीन महिन्यांत बॉडी. घेऊ का?

उत्तर: नको रे बाबा. ती बहुतेक स्टिरॉइड्स असणार, म्हणजे बनावट पुरुषी हार्मोन. बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, वृषणं आक्रसतात, अंगभर पुरळ येतं आणि तुझ्या वयात हाडांची टोकं वेळेआधी बंद होऊन उंची तिथेच अडकू शकते. पडद्यावर शर्ट काढणारे हिरोसुद्धा त्या शॉटआधी पाणी तोडून, लायटिंग लावून तसे दिसतात, दुसऱ्या दिवशी तसे नसतात. व्यायाम कर, पोटभर जेव, झोप. मुलांचं अंग विशीतही भरत राहतं. आणि त्या दादाला विचार, तुझ्या इंजेक्शनवर डॉक्टरची सही आहे का.

प्रश्न: एका क्रीमने महिनाभरात रंग उजळला, बंद केलं तर चेहरा लाल, पुरळ, आग. परत लावू का?

उत्तर: नाही. इतक्या झटपट उजळवणाऱ्या क्रीममध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड निघतं (वरच्या इंजेक्शनातलं नव्हे, सूज उतरवणारं वेगळं), कधी पारा. स्टिरॉइड सोडलं की हेच होतं, परत लावलं की बरं वाटतं, परत सोडलं की आणखी वाईट, असं ते चक्र आहे. पारा तर किडनीवर जातो, आणि टॉवेल-उशीवाटे घरातल्या लहान मुलांपर्यंतही. ट्यूब फेकू नका, लेबलसकट स्किनच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, काय लावत होता हे कळलं तर त्यांना उपचार ठरवायला सोपं जाईल. घरात कुणी प्रेग्नंट असेल किंवा तुम्ही स्वतः असाल तर तेही पहिल्यांदा सांगा.