लाईक चाकरमान्यांचे, ऑर्डर पुण्याची

या महिन्यात धंद्याच्या पेजबद्दल बरीच पत्रं आलीयत, बहुतेक सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतून, आणि फिरून फिरून रड एकच की लोक पेज बघतात, वाहवा करतात, मग घेत का नाहीत. सारखेसारखे प्रश्न बाजूला काढून चार घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्यांची मेखही तिथेच आहे.

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, थेट विक्री करतो. फेसबुक-इन्स्टावर पेज आहे, फॉलोअर दहा हजारांच्या वर गेलेत. कुणकेश्वरच्या समुद्राचा नाहीतर पवनचक्कीमागच्या सूर्यास्ताचा फोटो टाकला की पाचसहाशे लाईक आणि ‘गावाची आठवण आली’ अशा कमेंट. पेटीची पोस्ट टाकली की वीसपंचवीसवर थांबते. मुलगा म्हणतो अल्गोरिदम, म्हणजे कुणाला काय दाखवायचं ते ठरवणारं फेसबुकचं मशीन, आपल्याला दाबतोय, पैसे भरून बूस्ट करू. करू का? (बागायतदार, देवगड)

उत्तर : दादा, बूस्टचं नंतर बघू. आधी ते पाचसहाशे लाईक उघडून नावं वाचा. पैजेवर सांगतो, अर्ध्याहून जास्त आपलेच चाकरमानी निघतील, दिवा, डोंबिवली, नालासोपारा, लालबाग. ते मनापासून लाईक करतात, त्यात खोटं काही नाही, पण त्यांना आंबा विकत घ्यायचाच नाहीये ना, दारात दोन कलमं आहेत, नाहीतर मे महिन्यात काका ट्रॅव्हल्सच्या गाडीत पेटी टाकतो. तो फोटो बघून त्यांना गाव आठवतं, तुमचा धंदा नाही. तुमचा आंबा घेणारा माणूस वेगळाच आहे. तो कोथरूडला नाहीतर ठाण्यात बसलाय, कोकणात त्याचं कुणी नाही, मागच्या सीझनला कुणीतरी त्याला कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून चिकटवलाय, आणि तो आता महिनाभर तुमचं पेज गपचूप वाचतोय. लाईक नाही, कमेंट नाही, आणि एक दिवस अचानक मेसेज, ‘दोन पेट्या पाठवाल का?’

असे गप्प वाचणारे सगळीकडेच जास्त असतात. वेबसाईट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाईन लोकांचं ९०-९-१ असं ढोबळ गणित मांडलं होतं, शंभरातले नव्वद नुसते बघणारे, नऊ अधूनमधून लिहिणारे आणि सारखा लिहिणारा एखादाच. तुमच्याकडे आकडे थोडे इकडेतिकडे होतील पण रोख तोच. तिठ्यावरच्या दुकानात नाही का, ‘काय मगे’ करून जाणारे शंभर आणि गल्ल्यावर येणारे पाच, आणि त्या पाचांतले तीन कधी ‘काय मगे’ म्हणत पण नाहीत.

मुलाचं म्हणणं अगदीच चूक नाही हां. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने फीड, म्हणजे उघडल्यावर दिसणारी पोस्टची रांग, बदललं, धंद्याच्या पेजपेक्षा घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्ट वर आणल्या, आणि जिथे माणसं एकमेकांशी बोलतायत अशा पोस्टना झुकतं माप दिलं. त्यामुळे दहा हजार फॉलोअर म्हणजे दहा हजारांना पोस्ट दिसली असं अजिबात नाही. आणि ‘हापूस आवडत असेल तर लाईक करा, पाच मित्रांना टॅग करा’ हा प्रकार तर खाली ढकलणार असं फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं, तरी दर सीझनला कुणीतरी ते करतंच. पण सूर्यास्त आणि पेटी यांच्यातला फरक काही नुसता मशीनने केलेला नाही. पेटीच्या पोस्टमध्ये बोलण्यासारखं असतं काय? पिवळाधमक आंबा, ‘अस्सल देवगड हापूस’, खाली मोबाईल नंबर. हेच शब्द वाशीपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांनी लिहिलेत, ज्याने देवगड बघितलं पण नाही त्याने सुद्धा. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तुमची त्यात नोंदणी असेल तर ती जरूर दाखवा, पण कोथरूडच्या माणसाला तेवढ्याने धीर येत नाही. त्याला बाग तुमची आहे का हे बघायचंय, आंब्यात साका (आतला खराब गर) निघाला तर तुम्ही फोन उचलणार का हे बघायचंय.

म्हणून काय करा, सीझनची वाट न बघता डिसेंबरपासूनच सुरुवात करा. मोहोर आला, थंडी लांबली, फवारणी कधी झाली, फुलकिड्याने किती नासवलं, पहिली तोड, आंबे पिकवायची आढी कशी लावली, आणि पेटी उघडल्यावर आंबा हिरवट दिसेल, घाबरू नका, चार दिवस थांबा, हे सगळं दाखवा. फोनवर साधे व्हिडिओ चालतात, ड्रोन नको. मग गंमत बघा, इथे तुमचा चाकरमानी कामाला येतो. तो खाली लिहिणार, ‘औंदा मोहर बरो इलो काय? आमच्याकडे तुडतुड्यान खाल्ल्यान.’ तुम्ही त्याला मालवणीतच उत्तर देणार, दोघेतिघे आणखी येणार, कुणी तुमच्या वडिलांची ओळख काढणार. हे सगळं तो कोथरूडवाला वाचतोय. त्याला मालवणी अर्धी कळेल पण एवढं पक्कं कळेल की या माणसाला त्याचं गाव ओळखतं. म्हणजे चाकरमानी गिऱ्हाईक नसला तरी तो तुमचा साक्षीदार आहे, आणि तो जाहिरातीत विकत मिळत नाही. सूर्यास्ताच्या फोटोवर नुसती हळहळ होते, मोहोराच्या पोस्टवर ओळख निघते.

लाईक मोजणं सोडा. पोस्ट किती जणांनी सेव्ह केली, किती जणांनी पुढे पाठवली आणि त्यातून मेसेज किती आले ते बघा. इन्स्टाचे प्रमुख ॲडम मोसेरी पण हेच सांगतात की अनोळखी माणसांपर्यंत जायचं तर पोस्ट पुढे पाठवली जाण्याला लाईकपेक्षा जास्त वजन आहे. आणि बूस्ट करायचंच असेल तर सूर्यास्त नको, ज्या पोस्टखाली अनोळखी माणसांनी प्रश्न विचारलेत ती घ्या, शहर पुणे-ठाणे निवडा, ते पण मार्चअखेर, पेट्या हातात असताना. ऑर्डर देणाऱ्याला एक आठवणीने सांगा, ‘नंबर सेव्ह करून ठेवा’. व्हॉट्सॲपची साधी ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ नंबरची असते आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो, बऱ्याच बागायतदारांना हे माहीतच नसतं आणि ‘मेसेज पाठवले पण कुणी बघत नाही’ म्हणून बसतात. माझ्या मते तुमच्या दहा हजार फॉलोअरपेक्षा नंबर सेव्ह केलेले दोनशे जण मोठे.

प्रश्न : आमचा बचत गट आहे, कोकम, आगळ (कोकमाचा घट्ट रस), फणसपोळी, कुळीथ पीठ करतो. पेजवर रेट लिहीत नाही, ‘रेट इनबॉक्स’ लिहितो, नाहीतर बाजूचा गट लगेच दहा रुपये कमी करतो. आता एकजण म्हणतोय पाच हजार फॉलोअर विकत देतो, मोठं पेज दिसलं की विश्वास बसतो. घेऊ का? (बचत गटाच्या ताई, गुहागर)

उत्तर : नको. विकतचे फॉलोअर खोटे नाहीतर कुठल्यातरी देशातले, ते आगळ घेणार नाहीत, पोस्टवर थांबणार पण नाहीत. पोस्ट आधी थोड्याच लोकांना दिसते आणि त्यांनी काही केलं तर पुढे सरकते, तर त्या थोड्यांत असे मुके भरले की ती तिथेच अडकते. वर पाच हजार फॉलोअर आणि पोस्टला सात लाईक हे बघून गिऱ्हाईकाला संशय येतो तो वेगळाच.

आणि ताई, रेट लिहा. तुमच्या रागाचं कारण पटतं मला, पण बाजूच्या गटाला रेट काढायचाच असेल तर तो खोटं अकाउंट करून इनबॉक्समध्ये विचारेलच की. अडतो कोण, तर लाजणारा गिऱ्हाईक. बऱ्याच जणांना रेट विचारून मग ‘नको’ म्हणणं जड जातं, म्हणून ते विचारतच नाहीत, वर काहींना वाटतं माणूस बघून भाव सांगतात की काय. रेट, वजन, कुरिअर खर्च, आगळात मीठ आहे का, बाटली उघडल्यावर कशी ठेवायची, हे पोस्टमध्येच. दहा रुपये स्वस्त आगळाला तुम्ही उत्तर देऊ शकता, न आलेल्या मेसेजला काय देणार.

प्रश्न : तारकर्लीला घरगुती होमस्टे आहे. भाचा म्हणतो ट्रेंडिंग गाण्यावर रील केल्याशिवाय आता काही चालत नाही, पण आमच्या अकाउंटला ती गाणी येतच नाहीत. (काकू, तारकर्ली)

उत्तर : काकू, गाणी येत नाहीत कारण अकाउंट बिझनेसचं आहे, त्याला इन्स्टा गाण्यांचा मर्यादितच साठा देतं. बिघडलेलं काही नाही. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं, जुलैत रील्स आलं, तेव्हापासून प्रत्येक भाचा हेच सांगतोय. रील नवीन माणसापर्यंत जातं हे खरं, त्यामुळे करा, पण समुद्राचं रील करू नका हो, तारकर्लीचा समुद्र लोकांनी पोटभर बघितलाय. राहायला येणाऱ्याच्या डोक्यात वेगळंच चालू असतं, संडास-बाथरूम खोलीला लागून आहे का, आजीला पायऱ्या चढाव्या लागतील का, कुडाळ स्टेशनवरून रिक्षा किती घेते, सोमवारी शाकाहारी मिळेल का, गाडी कुठे लावायची. गेटपासून खोलीपर्यंत फोन धरून चालत जा आणि तुमच्याच आवाजात बोला. जेवण कोण करतं तो चेहरा दिसू दे. आणि पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, स्कूबा बंद, हे स्वतःहून सांगा. त्याने जूनचं एखादं बुकिंग जाईल, पण जो येईल तो तक्रार करत जाणार नाही, आणि गूगलवरचा त्याचा रिव्ह्यू पुढच्या दोन सीझनला पुरेल. बुकिंग करण्याआधी लोक तोच वाचतात.

प्रश्न : रत्नागिरीत घरपोच मासे देतो. एका बाईंनी पेजवर लिहिलं, ‘सुरमई शिळी होती’. डिलीट करू का? आणि मासेमारी बंदीच्या काळात पेज बंदच ठेवतो, बरोबर ना? (मच्छीविक्रेता, रत्नागिरी)

उत्तर : शिवीगाळ असेल तर काढा, तक्रार असेल तर राहू दे. तिथेच लिहा, ‘ताई, कालची ऑर्डर ना, फोन करतो, पैसे परत नाहीतर बदलून देतो’, आणि खरंच करा. ती कमेंट त्या बाईंपेक्षा बाकीचे जास्त वाचतात, त्यांना मासा खराब निघू शकतो हे माहीत आहे, तुम्ही काय करता तेवढंच बघायचंय. डिलीट केलीत तर त्या स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतील, तिथे तुम्हाला बोलता पण येणार नाही.

बंदीत पेज बंद ठेवू नका. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिकी मासेमारी बंद असते, हे शहरातल्या बऱ्याच गिऱ्हाईकांना माहीतच नाही, त्यांना वाटतं याने धंदा गुंडाळला. बंदी का असते, मासे अंडी घालतात, समुद्र खवळलेला असतो, ते सांगा. सुके बोंबील, सोडे, गोलमा विका, खाडीचं मिळालं तर खाडीचं म्हणून विका, बर्फातला असेल तर बर्फातला म्हणून. जुलैअखेर होड्यांची डागडुजी, जाळी विणणं दाखवायला लागा, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ‘पहिली बोट आली काय?’ असे मेसेज यायला लागतील, तेव्हा लगेच उत्तर द्यायला माणूस बसवा.